जॉन विन्थ्रॉप, पुन्हा जॉन विन्थ्रॉप

नोव्हेंबर १८२५ मध्ये बोस्टनमधल्या एका कचेरीला आग लागली आणि तिथे ठेवलेली एक जुनी वही जळून खाक झाली. कचेरी जेम्स सॅव्हेज या इतिहास-संशोधकाची होती. वही होती मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्या रोजनिशीची. रोजनिशीच्या एकूण तीन वह्या. पहिल्या दोन १७९० मध्ये छापून झाल्या होत्या. तिसरीचा पत्ताच नव्हता. ती १८१६ मध्ये बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यात, तिथल्या ग्रंथसंग्रहात सापडली. तिन्ही वह्या नव्यानं वाचून शुद्ध प्रत छापायचं काम सॅव्हेजनं अंगावर घेतलं होतं. जळाली ती नेमकी मधली वही. १६३६ ते १६४४ या काळाची, म्हणजे गव्हर्नरानं आयुष्यातली सगळ्यात वादग्रस्त कामं केली त्या वर्षांची. सॅव्हेजनं तिची नक्कल आधीच उतरवून घेतली होती म्हणून मजकूर तरी हाती राहिला.

विन्थ्रॉप घराण्यानं दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या जपल्या: जॉन हे नाव आणि जुने कागद. पत्रं, हिशेब, औषधांच्या याद्या, खटल्यांचे कागद, काही म्हणून फेकलं नाही. न्यू इंग्लंडच्या पहिल्या शंभर वर्षांबद्दल आज जे बारकाईनं सांगता येतं, त्यातलं बरंचसं याच दप्तरातून येतं. त्यामुळे गव्हर्नर विन्थ्रॉपची कीर्ती जेवढी त्याच्या कर्तबगारीची आहे, तेवढीच त्याच्या वंशजांच्या जपणुकीचीही आहे, असं माझं मत आहे. त्याच्यापेक्षा हुशार माणसं त्या वसाहतीत होती. त्यांचे कागद राहिले नाहीत.

मूळ पुरुष जॉन विन्थ्रॉप याचा जन्म जानेवारी १५८८ मधला, इंग्लंडच्या सफक परगण्यातला. ग्रोटन गावची जहागीर घराण्याकडे होती. केंब्रिजला थोडंफार शिक्षण झालं, सतराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी तो बाप झाला. पुढे वकिली केली आणि लंडनमध्ये अल्पवयीन वारसांच्या मालमत्तांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी न्यायालयात काम मिळवलं. धर्मानं कडवा प्युरिटन. इंग्लंडच्या चर्चमध्ये कॅथलिक थाट अजून शिल्लक आहे, तो धुऊन काढला पाहिजे, असं मानणाऱ्यांपैकी एक. १६२९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजानं पार्लमेंट बरखास्त केलं, त्याच वर्षी विन्थ्रॉपची नोकरी सुटली. घरात मुलं बरीच, जहागिरीचं उत्पन्न घटलेलं. देश सोडण्याचा निर्णय धर्मासाठी होता यात शंका नाही, पण पोटापाण्याचा प्रश्नही त्यात मिसळलेला होता.

मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला राजाकडून व्यापारी सनद मिळाली होती. अशा कंपन्यांचा कारभार लंडनहून चालायचा. वसाहतीत राहायचे ते नोकर, मालक लंडनला. या सनदेत मात्र कंपनीची सभा कुठे भरवायची हे लिहिलेलं नव्हतं. ऑगस्ट १६२९ मध्ये केंब्रिजला विन्थ्रॉपसह बारा जणांनी करार केला, की सनद आणि कारभार दोन्ही आमच्याबरोबर येणार असतील तरच आम्ही समुद्र ओलांडू. मूळ सनदच पेटीत घालून जहाजावर चढवली. कंपनीची भागधारक सभा समुद्रापलीकडे जाऊन बसली की तिचं आपोआप विधिमंडळ होतं, हे लंडनच्या कारकुनांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. कागदातली एक जागा रिकामी आहे हे हेरणं ही वकिलाची नजर झाली, आणि अमेरिकेतल्या स्वराज्याचा एक धागा तिथपर्यंत मागे नेता येतो.

एप्रिल १६३० मध्ये ‘आर्बेला’ आणि सोबतची जहाजं निघाली, जूनमध्ये सेलमला पोचली. मागच्या जहाजानं आलेला हेन्री हा विन्थ्रॉपचा मुलगा उतरल्या-उतरल्याच एका खाडीत बुडून मेला. पहिल्या काही महिन्यांत सुमारे दोनशे माणसं रोगानं आणि उपासमारीनं गेली, काही आल्या पावली परत फिरली. चार्ल्सटाउनला पाणी चांगलं नव्हतं. समोरच्या टेकड्यांवर विल्यम ब्लॅक्स्टन हा एकटा पाद्री पुस्तकं आणि बाग घेऊन राहत होता. त्यानं आपल्याकडे झरा असल्याचं सांगून सगळ्यांना बोलावलं आणि बोस्टन वसलं. पुढे शेजार फार झाला म्हणून ब्लॅक्स्टन बिचारा आपली पुस्तकं उचलून आणखी लांब निघून गेला.

रोजनिशीतला गव्हर्नर कधीकधी फार जवळून दिसतो. ऑक्टोबर १६३१ मधल्या एका संध्याकाळी तो आपल्या शेतावरच्या घरातून बंदूक घेऊन बाहेर पडला. जनावरांच्या मागे लांडगे लागत होते. घरापासून अर्ध्या मैलावर अंधार पडला आणि वाट चुकली. फिरता फिरता स्थानिक जमातीच्या सेगमोर जॉन या प्रमुखाची रिकामी झोपडी लागली. खिशात काडवात होती, होकायंत्र होतं. झोपडीसमोर आग पेटवून गव्हर्नरसाहेब रात्रभर येरझारा घालत स्तोत्रं म्हणत राहिले. पहाटेकडे पाऊस आला तेव्हा ते आत शिरले. तेवढ्यात एक स्थानिक बाई आडोशाला आली. तिची चाहूल लागताच त्यांनी दार आतून घट्ट अडवून धरलं. ती ताटकळून निघून गेली. झोपडी तिच्याच लोकांची होती. हे सगळं विन्थ्रॉपनं स्वतः, कसलाही संकोच न वाटता लिहून ठेवलं आहे, आणि म्हणूनच ते वाचताना वसाहतीचं सगळं नातं त्या एका दारात दिसतं.

दुसरी नोंद १६४० मधली. थोरला मुलगा, तोही जॉन, याची हजारावर पुस्तकं एका खोलीत होती आणि त्याच खोलीत धान्यही साठवलेलं होतं. त्यातल्या एका पुस्तकात ग्रीक नवा करार, स्तोत्रं आणि इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक अशा तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. उंदरांनी प्रार्थनापुस्तकाचं पान अन् पान कुरतडलं. उरलेल्या दोन्हींना तोंड लावलं नाही. गव्हर्नरानं ही ईश्वरी खूण म्हणून नोंदवली. प्युरिटनांना नको असलेलं पुस्तक उंदरांनाही नेमकं तेच सापडावं यात त्याला काहीच नवल वाटलं नाही. जगात योगायोग नावाची गोष्ट नसते, असं ज्याला मनापासून वाटतं त्याच्या हाती राज्य दिलं की काय होतं, ते पुढे दिसलं.

वर्षाला निवडणूक होई. १६४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत विन्थ्रॉप एकूण बारा वर्षं गव्हर्नर राहिला, मध्ये मध्ये हरलाही. १६३४ मध्ये मतदार म्हणाले, ती सनद एकदा आम्हाला दाखवा. दाखवली, तर त्यात कायदे करण्याचा अधिकार सगळ्या सभासदांना दिलेला! विन्थ्रॉप आणि त्याचे मोजके सहकारी तो आपल्या मुठीत ठेवून बसले होते. लोकांनी त्या वर्षी टॉमस डडलीला निवडून दिलं. विन्थ्रॉपनं पैशाचा चोख हिशेब मांडला. पदावर असताना उलट पदरमोडच झालेली निघाली. हा माणूस पैशाच्या बाबतीत स्वच्छ होता. त्याचा दोष सत्तेच्या हव्यासातही नव्हता. लोकांचं भलं कशात आहे हे आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, ही त्याची पक्की खात्री होती आणि सगळा घोटाळा त्या खात्रीत होता.

रॉजर विल्यम्स हा पाद्री म्हणू लागला, की सरकारनं लोकांच्या श्रद्धेत हात घालू नये आणि राजाच्या सनदेनं स्थानिक जमातींची जमीन आपली होत नाही. ऑक्टोबर १६३५ मध्ये न्यायालयानं त्याला हद्दपार केलं. त्याला पकडून इंग्लंडला धाडायचं ठरत होतं, तेव्हा विन्थ्रॉपनं गुपचूप निरोप पाठवला, की नॅरॅगन्सेट उपसागराकडे निघून जा. विल्यम्स भर हिवाळ्यात बर्फ तुडवत गेला आणि त्यातून प्रॉव्हिडन्स उभं राहिलं. ही गोष्ट विल्यम्सनं स्वतः अनेक वर्षांनी कृतज्ञतेनं लिहून ठेवली. दोघांचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. चारचौघांत कठोर आणि आडून मऊ असा हा स्वभाव होता.

अ‍ॅन हचिन्सनच्या वाट्याला मात्र हा मऊपणा आला नाही. ती सुईणपण करी, घरी बायका जमवून प्रवचनांवर चर्चा करी, आणि बहुतेक पाद्री लोकांना सत्कर्मांच्या भरवशावर ठेवतात असं उघड म्हणे. तिचं घर गव्हर्नरच्या घरासमोरच होतं. लोक तिच्याकडे कसे लोटतात हे त्याला दारातून दिसत असणार. नोव्हेंबर १६३७ मध्ये तिच्यावर खटला चालला. अध्यक्ष विन्थ्रॉप, सरकार पक्षाचे प्रश्न विचारणाराही विन्थ्रॉपच. ती त्याला वचनाला वचन देत राहिली आणि बराच वेळ तिनं त्याला निरुत्तर ठेवलं. शेवटी, परमेश्वरानं मला थेट कळवलं आहे, असं ती बोलून गेली आणि सापडली. हद्दपारी झाली. पुढे तिची मैत्रीण मेरी डायर हिला मृत, विद्रूप मूल झाल्याचं कळलं तेव्हा गव्हर्नरानं पुरलेला तो देह उकरून काढायला लावला आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. पाखंडाचं फळ कसं असतं, याचा त्याला तो पुरावा वाटला. या पानांवर मला त्याची बाजू घेता येत नाही. काळाचा दोष म्हणून सोडून द्यावं तर रॉजर विल्यम्सही त्याच काळातला होता.

त्याच वर्षी पीक्वॉट जमातीशी युद्ध झालं. मे १६३७ मध्ये मिस्टिक इथली त्यांची वस्ती इंग्रजांनी आणि त्यांच्या मित्र-जमातींनी वेढून जाळली. शेकडो माणसं मेली, त्यात बायका-मुलं फार. जिवंत सापडलेल्यांना गुलाम म्हणून वाटून घेतलं गेलं आणि काही विन्थ्रॉपच्या घरीही आले. १६३८ मध्ये ‘डिझायर’ नावाचं जहाज कॅरिबियनमधून कापूस, तंबाखू आणि काळी माणसं घेऊन परतलं, ही नोंद त्याच रोजनिशीत आहे, मालाच्या यादीत एका दमात लिहिलेली. १६४१ च्या कायदेसंग्रहानं गुलामगिरीला मान्यताही दिली. विन्थ्रॉपचा एक मुलगा सॅम्युअल पुढे अँटिग्वा बेटावर उसाचा मळेवाला झाला.

दुसरा जॉन विन्थ्रॉप म्हणजे उंदरांनी ज्याचं पुस्तक खाल्लं तो. जन्म १६०६. मला विचाराल तर सगळ्या घराण्यात माणूस म्हणून हा सरस. डब्लिनला शिकला, लंडनला कायदा वाचला, १६२७ मध्ये फ्रान्सवरच्या फसलेल्या नौदल मोहिमेत गेला, मग इस्तंबूल आणि व्हेनिस पाहून आला. बापाला आकाशात ईश्वरी खुणा दिसायच्या. मुलगा तिथे दुर्बीण लावायचा. धर्मावर त्याचाही विश्वास होता, पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा पंचनामा करायची त्याला हौस नव्हती. लोखंड गाळण्याचे कारखाने, मिठागरं, खाणी, डांबर, असा एकही उद्योग नाही की ज्यात त्यानं हात घातला नाही. त्यातले बरेच बुडाले. किमया हा त्याचा खरा छंद. प्रसिद्ध किमयागार जॉन डी याच्या संग्रहातली पुस्तकं त्यानं मिळवली होती.

किमयेतून वैद्यकी आली. अँटिमनी आणि सोरा यांपासून केलेली ‘रुबिला’ नावाची लाल पूड तो देई. कनेटिकटच्या खेड्यापाड्यांतून त्याच्याकडे पत्रं येत: मुलाला ताप आहे, बायकोची छाती भरली आहे, पूड पाठवा. गावोगावी ओळखीच्या घरांत तो औषधाचा साठा ठेवी आणि तिथली बाई ते वाटे. या पुडीनं ओकाऱ्या होत. त्या काळच्या समजुतीनुसार रोग बाहेर पडला म्हणून लोक समाधानी. पैसे तो बहुधा घेत नसे. १६५७ मध्ये कनेटिकटनं त्याला गव्हर्नर केलं, आणि मधलं एक वर्ष सोडलं तर १६७६ मध्ये मरेपर्यंत तो त्या पदावर राहिला.

कनेटिकटला राजाची सनद नव्हती. १६६१ मध्ये तो लंडनला गेला. दुसरा चार्ल्स नुकताच गादीवर आलेला. त्याच्या बापाचं डोकं प्युरिटनांनी उडवलेलं, त्यामुळे प्युरिटन वसाहतीच्या माणसाचं दरबारात स्वागत होईल अशी आशा नव्हती. विन्थ्रॉपनं तिथे धर्माची गोष्टच काढली नाही. विज्ञानाच्या मंडळींत बसला-उठला, मक्यावर निबंध वाचला, डांबर कसं करतात ते सांगितलं, आणि १६६२ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला. अमेरिकेतून आलेला पहिला. त्याच वर्षी सनदही पदरात पडली, आणि ती इतकी सैल, की वसाहत जवळपास स्वतंत्रच झाली. शेजारची न्यू हेवन वसाहतही तिच्या सीमेत आली. तिथल्या लोकांनी बराच काळ आदळआपट केली. हीच सनद कनेटिकटनं १८१८ पर्यंत राज्यघटना म्हणून वापरली.

१६६४ मध्ये दुर्बिणीतून गुरूचा पाचवा चंद्र पाहिल्याचं त्यानं लंडनला कळवलं. बहुधा जवळपासचा एखादा तारा असावा. खरा पाचवा चंद्र १८९२ मध्ये छत्तीस इंची दुर्बिणीला दिसला; विन्थ्रॉपच्या भिंगांत तो दिसणं शक्यच नव्हतं. पण १६७२ मध्ये त्यानं हार्वर्डला दिलेली दुर्बीण कामी आली. १६८० च्या धूमकेतूची निरीक्षणं टॉमस ब्रॅटलनं तिच्यातून केली आणि ती न्यूटननं ‘प्रिन्सिपिया’त वापरली.

त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र चेटकाच्या खटल्यांत झालं. तो लंडनला असताना, १६६२-६३ मध्ये, हार्टफर्डला चेटकाची साथ पसरली आणि माणसं फासावर गेली. तो परतल्यावर कनेटिकटमध्ये चेटकासाठी फाशी झाली नाही. १६६९ मध्ये वेदर्सफील्डच्या कॅथरिन हॅरिसन या पैसेवाल्या विधवेला ज्यूरीनं दोषी ठरवलं. पंचक्रोशीतले शेजारी शपथेवर सांगत होते, की रात्री ती आमच्या खोलीत दिसली. फर्मान काढण्याऐवजी पाद्र्यांना लेखी प्रश्न विचारले गेले. उत्तर आलं, की एकाच घटनेला, एकाच वेळी, दोन साक्षीदार हवेत. ज्याला त्याला आपापल्या खोलीत एकट्यानं दिसलेली चेटकीण या कसोटीत बसत नव्हती. बाईला सोडलं आणि गाव सोडण्याचा सल्ला दिला. किमया करणाऱ्याला जादूबद्दल लोकांपेक्षा जास्त कळत होतं, म्हणूनच ती इतकी सोपी नाही हेही त्याला ठाऊक होतं.

आणि याचाच मुलगा वेट स्टिल विन्थ्रॉप १६९२ मध्ये सेलमच्या चेटूक-खटल्यांतल्या न्यायाधीशांपैकी एक होता! तिथे भुताच्या रूपात दिसलेली शेजारीण हाच पुरावा धरला गेला. एकोणीस जणांना फाशी झाली. बापानं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अडवलेलं दार मुलाच्या खंडपीठानं उघडून दिलं. वेट स्टिलचा भाऊ फिट्झ-जॉन हा १६९८ पासून १७०७ पर्यंत कनेटिकटचा गव्हर्नर होता, म्हणजे बाप, मुलगा, नातू असे तिघे गव्हर्नर झाले. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

वेट स्टिल १७१७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला आणि घरात भाऊबंदकी पेटली. मुलगा जॉन, मुलगी अ‍ॅन. अ‍ॅन बोस्टनच्या टॉमस लेचमियर या व्यापाऱ्याला दिलेली. कनेटिकटच्या कायद्यानं थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा आणि बाकीच्यांना एकेक. म्हणजे जॉनला दोन तृतीयांश मिळत होतं. त्याला ते पुरेना. इंग्लंडच्या कायद्यात जमीन थोरल्याचीच, बहिणीला काही नाही. जॉन लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि त्यानं आजोबांनी आणलेल्या १६६२ च्या सनदेवरच बोट ठेवलं: वसाहतीचे कायदे इंग्लंडच्या कायद्यांच्या विरुद्ध नसावेत, असं तीत लिहिलं आहे. १७२८ मध्ये तो जिंकला. कनेटिकटचा वारसा-कायदा रद्द ठरला आणि कित्येक वर्षं भावाबहिणींत वाटल्या गेलेल्या सगळ्या जमिनींची मालकी एका रात्रीत डळमळीत झाली. वसाहतीला दुसऱ्या एका दाव्यात दिलासा मिळेपर्यंत १७४५ साल उजाडलं. हा जॉन परत कधी आलाच नाही. बायको न्यू लंडनला, हा लंडनला, रॉयल सोसायटीचा सभासद म्हणून मिरवत. सोसायटीनं आपल्या नियतकालिकाचा चाळिसावा खंड त्याला अर्पण केला, त्यात आजोबांचे गोडवे भरपूर. १७४७ मध्ये तो तिथेच वारला. ती टाकलेली बायको टॉमस डडलीची नात होती. १६३४ मध्ये पणजोबांना हरवणाऱ्या त्याच डडलीची.

चौथ्या जॉन विन्थ्रॉपकडे वळताना बरं वाटतं. हा गव्हर्नरच्या अ‍ॅडम नावाच्या मुलाच्या शाखेतला, म्हणजे गव्हर्नरचा खापरपणतू. जन्म १७१४. १७३८ मध्ये, पंचविशीच्या आतच, तो हार्वर्डला गणित आणि भौतिकीचा प्राध्यापक झाला आणि चाळीस वर्षं त्या जागेवर राहिला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन अ‍ॅडम्स त्याचा विद्यार्थी.

१८ नोव्हेंबर १७५५ च्या पहाटे न्यू इंग्लंडला मोठा भूकंपाचा धक्का बसला. प्राध्यापक दचकून उठला आणि आधी घड्याळापाशी गेला. घड्याळाच्या खोक्यात जपून ठेवलेली लांब काचेची नळी हादऱ्यानं आडवी होऊन लंबकाला अडकली होती, म्हणून ते ४ वाजून ११ मिनिटं ३५ सेकंदांवर थांबलेलं. धक्क्याची वेळ आयतीच हाती आली. मग त्यानं धुराड्यावरून उडालेल्या विटा किती लांब पडल्या ते मोजलं. उंची बत्तीस फूट, अंतर तीस फूट. म्हणजे वीट निघाली तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे एकवीस फूट होता. नंतरचा एक हलका धक्का बसला तेव्हा तो शेकोटीपाशी बसलेला होता. चुलाण्याच्या फरशीच्या विटा एकेक करून वर उचलल्या जाऊन परत बसताना त्याला दिसल्या. जमिनीतून लाट जाते, हे त्यानं तेवढ्यावरून ओळखलं.

आठ दिवसांनी त्यानं कॉलेजच्या प्रार्थनागृहात व्याख्यान दिलं. बोस्टनचा टॉमस प्रिन्स हा वयोवृद्ध पाद्री सांगत होता, की बेंजामिन फ्रँकलिनच्या त्या वीज ओढून घेणाऱ्या लोखंडी सळ्या लोकांनी घराघरावर लावल्या, त्यामुळे आकाशातली वीज जमिनीत साठली आणि ईश्वराच्या कोपाला वाट मिळाली. प्राध्यापकानं छापील उत्तर दिलं. त्यात प्रिन्सच्या वयाचा मान ठेवला आणि म्हणण्याचा एकही मुद्दा उभा ठेवला नाही. लोक घाबरून सळ्या काढतील आणि घरं जळतील, ही त्याची खरी चिंता होती.

१७६१ मध्ये शुक्राचं अधिक्रमण होतं. सूर्यबिंबावरून जाणारा शुक्र पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिला तर सूर्याचं अंतर काढता येतं, म्हणून सगळ्या युरोपातून खगोलज्ञ निघाले होते. फ्रान्सचा ले जेंटिल हिंदुस्थानात पुदुच्चेरीला निघाला, तर ते शहर इंग्रजांनी घेतल्याचं वाटेत कळलं आणि त्याला हलत्या जहाजावरून नुसतं बघत बसावं लागलं. विन्थ्रॉपनं मॅसॅच्युसेट्स सरकारकडून एक गलबत मागून घेतलं. कॉलेजची उपकरणं आणि दोन विद्यार्थी घेऊन तो न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला गेला. तिथल्या चावऱ्या किड्यांनी त्यांना फोडून काढलं, पण ६ जूनला पहाटे सूर्य शुक्राचा ठिपका घेऊनच उगवला आणि निरीक्षण साधलं. अमेरिकेतल्या वसाहतीच्या सरकारी खर्चानं झालेली ही पहिली वैज्ञानिक मोहीम मानतात. १७६४ मध्ये हार्वर्ड हॉलला आग लागून उपकरणं आणि ग्रंथालय गेलं, तेव्हा फ्रँकलिनच्या मदतीनं त्यानं प्रयोगशाळा नव्यानं उभी केली. कॉलेजचं अध्यक्षपद त्याच्याकडे चालून आलं होतं, ते त्यानं नाकारलं. १७७९ मध्ये तो वारला. त्याच्याही घरी गुलाम होते. हार्वर्डच्या ज्या वसतिगृहाला विन्थ्रॉप हे नाव आहे, ते गव्हर्नर आणि प्राध्यापक अशा दोघांच्या स्मरणार्थ, आणि ते बदलावं अशी मागणी २०२३ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी केली ती याच कारणानं.

एकोणिसाव्या शतकात घराणं राजकारणात आलं. रॉबर्ट विन्थ्रॉप १८४७ ते १८४९ अमेरिकी प्रतिनिधीगृहाचा सभापती होता. पुढच्या खेपेला त्रेसष्ट वेळा मतदान झालं आणि तो हरला. गुलामगिरीचे कट्टर विरोधक त्याला मवाळ म्हणत आणि दक्षिणेतले मळेवाले त्याला शत्रू मानत. मग त्यानं मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीचं अध्यक्षपद तीस वर्षं सांभाळलं आणि पूर्वजाचं दोन खंडी चरित्र लिहिलं. त्यात गव्हर्नर फारच सोज्वळ दिसतो. १८८६ मध्ये दक्षिण कॅरोलिनात शिक्षिका तयार करणारी शाळा निघाली तिला या रॉबर्टचं नाव मिळालं. आज ते विन्थ्रॉप विद्यापीठ आहे. दुसरा एक वंशज, कादंबरीकार थिओडोर, जून १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या अगदी सुरुवातीच्या लढाईत मारला गेला आणि त्याच्या कादंबऱ्या मेल्यावर छापल्या गेल्या.

गव्हर्नरचं सगळ्यात प्रसिद्ध भाषण म्हणजे १६३० मधलं ख्रिस्ती परोपकारावरचं प्रवचन, तेही असंच दप्तरातून बाहेर आलं. त्याच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. फ्रान्सिस बेयर्ड विन्थ्रॉप या वंशजानं त्याची एक हस्तलिखित नक्कल १८०९ मध्ये न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेला दिली आणि ते प्रथम छापून आलं १८३८ मध्ये, दोनशे आठ वर्षांनी. त्यातली डोंगरावरच्या नगराची बायबलमधली उपमा केनेडीनं जानेवारी १९६१ मध्ये वापरली, रेगननं तर घासून गुळगुळीत केली. अमेरिका जगापुढे झळकते आहे, असा तिचा अर्थ लावला जातो. मूळ प्रवचन वाचलं तर तो इशारा आहे: सगळ्यांची नजर आपल्यावर आहे, श्रीमंतांनी गरिबांना धरून राहिलं नाही तर जगात नाचक्की होईल. निवडणुकीच्या व्यासपीठावर एवढं सगळं कोण वाचून दाखवणार!

नाव रक्ताच्या नात्यापलीकडेही पसरलं. बोस्टनजवळ विन्थ्रॉप नावाचं गाव आहे. अमेरिकेत ते पहिलं नाव म्हणूनही ठेवतात. तेलसम्राट रॉकफेलर घराण्यात १९१२ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव विन्थ्रॉप. त्याच्या मामाचंही तेच. हा विन्थ्रॉप रॉकफेलर १९६७ मध्ये आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर झाला, शंभरेक वर्षांत तिथे निवडून आलेला पहिला रिपब्लिकन. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाल्यावर राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर काळ्या नागरिकांच्या हातात हात घालून तो शोकसभेला उभा राहिला. दक्षिणेतल्या दुसऱ्या कोणत्याही गव्हर्नरानं तसं केलं नाही. १९७० मध्ये तो निवडणूक हरला. त्या डिसेंबरमध्ये, पद सोडण्याआधी, त्यानं राज्यातल्या फाशीच्या सगळ्या पंधरा कैद्यांची शिक्षा रद्द करून जन्मठेप केली.